पत्ता शाळेचा, वाक्यं तिची

माणदेशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे. या काळात मुलांना परदेशातल्या मुलांशी पत्रमैत्री जोडून देण्याचं काम माझ्याकडे आपसूक येत गेलं. हे काम कुठल्या परिपत्रकात नाही आणि त्याचा अहवालही कुणी मागत नाही. तरी शिक्षिका म्हणून मी जे काही केलं, त्यात हे काम मला फार मोलाचं वाटतं. ते करता करता एक गोष्ट मनाशी पक्की झाली. मुलांच्या पत्रमैत्रीत मोठ्या माणसाची कामं दोनच: पत्राचा रस्ता सुरक्षित ठेवायचा आणि पत्रातल्या वाक्यांना हात लावायचा नाही. पहिलं काम मनावर घेतलं की जमतं. दुसरं जास्त अवघड आहे, कारण सुधारायची सवय शिक्षकाच्या हाडीमाशी खिळलेली असते.

हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते सहावीतल्या एका मुलीमुळे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिच्या मैत्रिणीचंही नाही. मुलांची नावं आणि पत्ते आपण किती जपून वापरायचे, हाच तर या कामाचा अर्धा भाग आहे.

मुलगी धनगराच्या घरातली. दिवाळी झाली की तिचे आईवडील मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. लहान असताना तीही त्यांच्याबरोबर जायची. शाळेत घातल्यावर मात्र ती गावात आजीजवळ राहिली.

त्या वर्षी एका तासाला मी वर्गाला टोकियोच्या हत्तीची गोष्ट सांगितली. १९४३ साली, युद्धाच्या काळात, टोकियोतल्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये अशी कितीतरी मुलं होती ज्यांनी हत्ती पाहिलाच नव्हता. त्यांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती पाठवा म्हणून. आणि १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी खरोखरच एक हत्तीण जहाजानं पाठवली. तिचं नाव ठेवलं होतं इंदिरा. पुढे १९८३ पर्यंत ती तिथल्या मुलांना भेटत राहिली. मुलांनी लिहिलेल्या पत्राला वजन असतं, एवढंच मला वर्गाला सांगायचं होतं.

मधल्या सुट्टीत ही मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, मलाबी परदेशात एक मैत्रीण बघून द्या की."

"कशाला गं?"

"तिला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मेंढरांचं."

पत्रमैत्री मागायला येणाऱ्या मुलांना मी हा प्रश्न नेहमी विचारते. बरीच मुलं सांगतात, इंग्रजी सुधारायचंय. ते कारणही चांगलंच आहे, पण तेवढ्यावर पत्रव्यवहार फार दिवस चालत नाही. ज्या मुलाजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते ऐकायला जवळपास कुणी नाही, ते मूल लिहीत राहतं. हिच्या घरात मेंढरांबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. वर्गात त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. तिला ऐकणारं माणूस हवं होतं, आणि ते जितकं लांबचं तितकं बरं.

आता शोधायचं कुठे?

माझ्या शाळकरी वयात याचं उत्तर सोपं होतं. फिनलंडमधल्या तुर्कू या शहरात इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस नावाची संस्था होती. १९५२ मध्ये सुरू झालेली. तिचे छापील फॉर्म जगभरातल्या शाळांत पोचायचे. वय लिहायचं, कोणत्या देशातला मित्र हवा ते लिहायचं, थोडे पैसे भरायचे, की काही आठवड्यांनी एक नाव आणि एक पत्ता यायचा. कितीतरी पिढ्यांची पत्रमैत्री या फॉर्मांनी जुळवली. २००८ मध्ये संस्था बंद झाली. ती चालू असती, तरी मुलाच्या घरचा पत्ता असा अनोळखी हातात देणं आज कुठल्याही पालकाला पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. इंटरनेटवर पत्रमित्र जुळवणारी ठिकाणं पुष्कळ आहेत. पण पलीकडे बारा वर्षांची मुलगी म्हणून लिहिणारी व्यक्ती खरोखर बारा वर्षांची आहे का, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून कुठल्याही उघड्या यादीत मुलाचं नाव घालायचं नाही, हा माझा पहिला नियम आहे.

माझा विश्वास आहे तो शिक्षकाकडून शिक्षकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हा रस्ता जुना आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात डॅनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथे बर्डी मॅथ्यूज नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी हॉलंडमधल्या मुलांची नावं आणि पत्ते मिळवले. त्यातलं एक नाव ज्वानिटा वॅग्नर या दहा वर्षांच्या मुलीनं निवडलं. ते होतं अ‍ॅन फ्रँक. अ‍ॅननं २९ एप्रिल १९४० रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून उत्तर लिहिलं, आणि तिच्या थोरल्या बहिणीनं, मार्गोटनं, ज्वानिटाच्या थोरल्या बहिणीला लिहिलं. १० मे रोजी जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. ज्वानिटाच्या पुढच्या पत्राला उत्तर आलं नाही. ही हकिगत आठवली की माझं मन त्या बाईंपाशी जातं. एका खेडेगावातल्या शिक्षिकेनं पत्त्यांची यादी मिळवली, म्हणून ते एक पत्र लिहिलं गेलं.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त दक्षिण फिनलंडमध्ये राहतो. त्याची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत जाते. त्याला मी विचारलं, तुझ्या मुलीच्या शाळेत कुणी बाई किंवा सर तयार होतील का? त्यानं एका वर्गशिक्षिकेशी गाठ घालून दिली. त्यांचा ईमेल आला तो प्रश्नांनीच भरलेला. तुमच्या मुलांच्या पालकांची लेखी संमती आहे का? पत्रं कुठे ठेवणार? फोटो भिंतीवर लावणार का? एखाद्या मुलानं मध्येच लिहिणं सोडलं तर दुसऱ्या मुलाला कोण सांगणार? तो ईमेल वाचून मला फार बरं वाटलं. इतके प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या हाती आपलं मूल बिनधास्त सोपवावं.

आम्ही दोघींनी मिळून नियम ठरवले. पत्ता शाळेचाच राहील. पत्रात फक्त पहिलं नाव. फोन नंबर आणि समाजमाध्यमावरचं खातं लिहायचं नाही. फोटो पालकांनी हो म्हटलं तरच. पैसे आणि महागाच्या वस्तू पाठवायच्या नाहीत. पाकीट मूलच फोडेल, पण शाळेत, बाईंच्या समोर. सगळी पत्रं एका मोठ्या पाकिटातून जातील. ज्या मुलाला उत्तर आलं नसेल त्याला पलीकडच्या बाई स्वतः चार ओळी लिहितील. हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाकीट उघडल्यावर सगळ्यांची पत्रं निघाली आणि एकाचंच निघालं नाही, तर त्या मुलाच्या मनाला जे लागतं ते पुढे कशानं भरून निघत नाही.

फिनलंड ठरलं याचा मला आणखी एका कारणानं आनंद झाला. तिथल्या मुलांचीही इंग्रजी ही घरची भाषा नाही. तीही आमच्या मुलांसारखी शाळेत शिकतात, अडखळतात, शब्द शोधतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलाला लिहिताना आमची मुलं पहिल्या ओळीपासूनच बिचकतात. दोघांनाही भाषा परकी असली की कुणी कुणाची परीक्षा घेत नाही.

संमती घ्यायला मी मुलीच्या घरी गेले. पावसाळा होता, त्यामुळे आईवडील गावीच होते. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरीचं नाव-गाव भलत्याच्या हातात जाणार न्हाई न्हवं?" मी सगळे नियम एकेक करून सांगितले. पत्र तुम्हालाही वाचून दाखवेन म्हटलं. त्यावर आजी म्हणाली, "लिहू द्या की. आमी कुणाला कागद लिवलाय कवा?" वडिलांनी सही केली, आईनं अंगठा उठवला. त्या मुलीची आई माझ्याकडे आणि कागदाकडे ज्या नजरेनं बघत होती, ती बघून मला माझ्या जबाबदारीचं नीट भान आलं.

मग पहिलं पत्र. आमची मुलं इंग्रजी पत्र लिहायला बसली की पाठ्यपुस्तकातलं पत्रच लिहितात. माझं नाव अमुक, मी तमुक इयत्तेत, माझा छंद वाचन, तुझा छंद कोणता. तिनंही तेच लिहून आणलं. त्यातल्या एकाही ओळीत ती स्वतः नव्हती. पुस्तकात लिहिलेलं होतं म्हणून छंद वाचन होता.

मी तिला वही मिटायला सांगितली. म्हटलं, आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते मला मराठीत सांग. ती सांगू लागली. आजीच्या आधी उठून तिनं कोकरांना बघितलं होतं. रात्री एक कोकरू जन्मलं होतं आणि मेंढी त्याला जवळ घेत नव्हती. आजीनं मेंढीला धरून ठेवलं आणि हिनं कोकराचं तोंड सडाला लावलं. तीन-चारदा असं केल्यावर मेंढी त्याला हुंगायला लागली. मग ही अंघोळ करून शाळेत आली.

"हे लिही," मी म्हटलं.

"हे? हे काय लिहायचं?"

"तिच्या घरी कोकरू नाही. तिला हे कुठून कळणार?"

तिला नसलेले शब्द मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून दिले: कोकरू, हुंगणे, सड. बाकी वाक्यं तिची. काळ चुकला होता, क्रियापदं जागेवर नव्हती. अर्थ हरवत होता तिथेच मी थांबवलं आणि विचारलं, इथे कोण कुणाला धरतंय? तेवढं तिनं स्वतः दुरुस्त केलं. बाकीचं तसंच राहू दिलं. वहीवर माझी लाल शाई चालते, पत्रावर नाही. पत्र सुधारून पाठवलं तर पलीकडच्या मुलीची मैत्री माझ्याशी होईल, हिच्याशी होणार नाही.

पाकिटावर पत्ता लिहिणं हा माझ्या वर्गाचा आवडता तास असतो. देशाचं नाव सगळ्यात शेवटी, ठळक आणि इंग्रजीत, म्हणजे आपल्याकडच्या सॉर्टिंगवाल्यालाही कळावं. फिनलंडचा पिन पाच आकडी आणि गावाच्या नावाआधी. आपला सहा आकडी, तो मागच्या बाजूला आपल्या पत्त्यात. मग मी मुलांना सांगते की हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे आले. ते ज्यांनी बसवून दिले ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि कवी. पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या भागातलं, हे त्या दिवशी मुलं आपापल्या घरच्या जुन्या पाकिटांवर ताडून बघतात.

आमच्या गावात शाखा डाकघर आहे, पण परदेशी पत्राचं वजन करून तिकिटं लावायला तालुक्याच्या पोस्टात जावं लागतं. दहिवडीच्या काउंटरवर मी त्या मुलीलाही घेऊन गेले. तिनं स्वतः तिकिटं चिकटवली आणि शिक्का पडताना बघितला. परतताना तिनं विचारलं, "आपलं तिकीट त्यांच्याकडं चालतं का?" अगदी नेमका प्रश्न. पूर्वी चालत नव्हतं. प्रत्येक देशाला दुसऱ्या प्रत्येक देशाशी टपालाचा वेगळा करार करावा लागायचा, आणि पत्राचा दर ते कुठल्या कुठल्या देशांतून जातं त्यावर ठरायचा. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात करार झाला आणि पुढे जिला आपण जागतिक टपाल संघटना म्हणतो ती उभी राहिली. भारत तिच्यात १८७६ मध्ये आला. तेव्हापासून पत्राचे पैसे पाठवणाऱ्याच्या देशात एकदाच भरायचे आणि बाकीच्या देशांनी ते पत्र आपलंच समजून पोचतं करायचं, अशी रीत झाली. ९ ऑक्टोबर म्हणूनच जागतिक टपाल दिन. हे मी तिला एसटीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे समद्या देशांनी एकमेकांला शब्द दिलाय."

उत्तराला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. कधी दोन आठवडे, कधी दीड महिना. या काळात रोज विचारणाऱ्या मुलांना मी कॅलेंडरपाशी नेत नाही, नकाशापाशी नेते. थैली मुंबईला जाईल, तिथून विमानात चढेल, हेलसिंकीला उतरेल, तिथे पुन्हा वेगळी केली जाईल. फिनलंडमध्ये आता टपाल रोज वाटत नाहीत, आठवड्यातून काही ठरावीक दिवसच. वाट बघताना काय काय चाललं असेल हे कळलं की मुलं वाट बघू शकतात.

पहिलं उत्तर आलं तेव्हा मेंढरं कोकणात उतरली होती. मुलीनं पाकीट फोडलं, पत्र हातात धरलं आणि बराच वेळ एक शब्दही न बोलता वाचत राहिली. मैत्रिणीनं लिहिलं होतं की आमच्याकडे आता सकाळी नऊ वाजले तरी अंधार असतो आणि दुपारी तीनच्या पुढे पुन्हा काळोख पडतो. शाळेत जाताना कोटाला एक चकाकणारी पट्टी लटकवावी लागते. गाडीचा दिवा तिच्यावर पडला की ती चमकते आणि ड्रायव्हरला माणूस दिसतं. अंधारात चालणाऱ्यानं ती लावायची असा तिथे कायदाच आहे. पत्रात त्या पट्टीचं चित्र काढलेलं होतं. शाळेत जेवण फुकट मिळतं, गुरुवारी बहुतेक वाटाण्याचं सूप असतं, हेही होतं. आणि शेवटी प्रश्न: ते कोकरू जगलं का? तुझे आईवडील मेंढ्या घेऊन इतक्या लांब का जातात? तुमच्या गावात गवत नाही का?

जेवणाचं वाचून तिला फार आनंद झाला. आपल्यालाही शाळेत खिचडी मिळते आणि त्यांनाही मिळतं, यात तिला बरोबरी सापडली. मी सांगितलं की सगळ्या शाळकरी मुलांना फुकट जेवण देणारा फिनलंड हा पहिला देश, १९४८ पासून. "म्हंजे आपण त्यांचं बघून केलं?" तिनं विचारलं. आपल्याकडेही हे खूप आधीपासून ठिकठिकाणी सुरू झालं होतं, हे तिला सांगितलं. त्या दिवशी ती पोषण आहाराच्या रांगेत ताठ मानेनं उभी होती.

पण खरं काम केलं ते शेवटच्या प्रश्नानं. आईवडील मेंढ्या घेऊन का जातात? दरवर्षी जातात, म्हणून जातात. एवढंच तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. उत्तर मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. म्हटलं, घरी विचार.

तिनं आजीला विचारलं. वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांनाही विचारलं. आठवडाभर ती तुकड्यातुकड्यानं माहिती आणत होती. आपल्याकडे पाऊस कमी, कारण सह्याद्रीवर ढग रिकामे होऊनच इकडे येतात. दिवाळीनंतर माळावर चारा उरत नाही. कोकणात तेव्हा भाताची कापणी होऊन शिवार मोकळं झालेलं असतं. तिथले शेतकरी मेंढरं शेतात बसवायला सांगतात, रात्रभराच्या लेंड्यांचं खत होतं, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. बिऱ्हाड घोड्यावर असतं. १९७२ च्या दुष्काळात आजोबांची निम्मी मेंढरं गेली होती, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. आजीनं तिला आणखीही एक सांगितलं: मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, सणगर तिची घोंगडी विणतात आणि घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती ताठ राहते आणि पाऊस आत शिरू देत नाही.

हे सगळं तिनं दोन पानांत लिहिलं. पहिल्या पत्रासाठी मला बसवून बोलतं करावं लागलं होतं. या वेळी तिनं शब्दकोश मागितला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. घाटाचं चित्र काढलं. वर पिवळा माळ, खाली हिरवं खाचर आणि मध्ये मेंढरांची रांग.

आमच्या मुलांचे मराठी निबंध मी जन्मभर वाचत आले आहे. 'माझे गाव' असा विषय दिला की माणदेशातलं मूलही लिहितं, माझे गाव निसर्गरम्य आहे, गावाजवळून नदी झुळझुळ वाहते. आमची नदी पावसाळ्यात चार दिवस वाहते. मुलाला हे माहीत असतं आणि तरी ते झुळझुळ लिहितं, कारण निबंध वाचणारी बाई त्याच गावातली आहे, तिला खरं सांगायची गरजच नाही. फिनलंडची मैत्रीण मात्र नदीचं वाचून लगेच विचारते, त्यात मासे कोणते? तुम्ही पोहता का? मग झुळझुळ टिकत नाही. पत्रमैत्री इंग्रजी सुधारते असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण मी पाहिलं ते त्याहून मोठं आहे. काहीच माहीत नसलेला, पण मनापासून विचारणारा वाचक मिळाला की मूल आपल्या रोजच्या जगण्याकडे नीट बघायला लागतं. त्या मुलीच्या मराठी निबंधातूनही झुळझुळ नदी गेली. तिच्या जागी टँकर आला, चारा छावणी आली, घाट आला.

तिला मैत्रिणीला काहीतरी पाठवायचं होतं. मूठभर ज्वारी आणि थोडी लोकर, असं तिनं ठरवलं होतं. मी नाही म्हटलं. बी-बियाणं आणि धान्य असं पाकिटात घालून युरोपात पाठवता येत नाही. त्याबरोबर रोग-किडी जाऊ शकतात, म्हणून त्यांचे नियम कडक आहेत. कच्च्या लोकरीचंही तसंच. शिवाय पाकिटात कागदाखेरीज काही घातलं की सीमाशुल्काचा फॉर्म आला. ती हिरमुसली, पण ज्वारीचं कणीस तिनं दाण्यादाण्यानं रंगवलं. ते चित्र मला कुठल्याही भेटवस्तूपेक्षा मोठं वाटलं.

वस्तूंच्या बाबतीत मी आग्रही राहते, त्याला दुसरंही कारण आहे. दोन मुलांच्या घरची परिस्थिती सारखी नसते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली केटलिन आणि झिम्बाब्वेतल्या मुतारे शहरातला मार्टिन यांची शाळेतून पत्रमैत्री जुळली. पुढे दोघांनी मिळून त्यावर पुस्तकही लिहिलं. मार्टिनच्या घरी पुढे कागदालाही पैसे उरले नव्हते, तेव्हा त्यानं आइस्क्रीमच्या वेष्टनावर पत्र लिहिलं. केटलिनच्या घरच्यांनी त्याला शिकायला मदत केली आणि त्याचं आयुष्य बदललं. ही कथा खरी आणि सुंदर आहे. तरीही मी आमच्या मुलांना मदतीच्या आशेनं लिहू देत नाही. मदत यायचीच असेल तर ती मोठ्यांनी मोठ्यांशी बोलून यावी. मुलांच्या पत्रात दोघं बरोबरीची राहावीत. एकीजवळ अंधारातली चकाकणारी पट्टी, दुसरीजवळ घाट उतरणारी मेंढरं. या देवाणघेवाणीत कुणीही कुणाच्या उपकाराखाली येत नाही.

त्यांची पत्रं सातवी संपेपर्यंत नेमानं चालू राहिली. मे-जूनमध्ये आमची सुट्टी आणि ऑगस्टपर्यंत त्यांची, त्यामुळे उन्हाळ्यात मोठा खंड पडायचा. तो पडणार हे आधीच सांगून ठेवलेलं असायचं. मुलगी तालुक्याच्या हायस्कूलला गेली तरी पत्रं आमच्याच शाळेच्या पत्त्यावर येत राहिली आणि ती येऊन घेऊन जाऊ लागली. पुढे काय करायचं हे दोन्ही घरांनी ठरवायचं. काही पत्रमैत्र्या दोन पत्रांत संपतात, काही आयुष्यभर टिकतात. लवकर संपलेली मैत्रीही वाया गेली असं मी मानत नाही. एकदा का मूल आपलं घर अनोळखी माणसाला उलगडून सांगायला शिकलं, की ते शिकणं त्याच्याजवळच राहतं.

मला घाई वाटते ती वेगळ्या कारणानं. डेन्मार्कमध्ये १६२४ पासून चालत आलेली टपालसेवा ३० डिसेंबर २०२५ रोजी पत्रं पोचवायची थांबली. तिथे आता पत्रं खासगी कंपनी पोचवते आणि गल्लीतल्या लाल पेट्या उचलल्या गेल्या. आपल्याकडे अजून गावोगाव डाकघर आहे, पोस्टमन आहे, तिकीट आहे. सायकलवरून पाकीट आणून मुलाच्या हातात देणारा माणूस आहे. तो आहे तोवर आपल्या मुलांना त्याची वाट बघण्याचं सुख मिळायला हवं.

करायचं काय, असं मला शिक्षक आणि पालक विचारतात. परदेशात राहणारा एखादा नातलग, गावकरी, माजी विद्यार्थी शोधा. मराठी माणूस आता कुठे नाही? त्याच्या मुलांच्या शाळेतल्या शिक्षकांशी बोला. सुरुवात एका वर्गाच्या एका सामाईक पत्रानं करा, जोड्या नंतर लावा. पालकांची संमती लेखी घ्या. घरातल्या घरात करायचं असेल तर मुलाला शेजारी बसवून, स्वतःच्या नावानं पोस्टकार्डांच्या देवाणघेवाणीत उतरा. २००५ पासून चाललेला पोस्टक्रॉसिंग हा उपक्रम त्यासाठी चांगला आहे. नुसता सराव हवा असेल तर जागतिक टपाल संघटनेची पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून सुरू आहे आणि ९ ते १५ वर्षांची मुलं आपल्या टपाल खात्यामार्फत तीत भाग घेऊ शकतात.

आणि हे सगळं करण्याआधी मुलाला एकदा विचारा, तुला काय सांगायचंय? उत्तर मेंढरांचं असेल, शेताचं असेल, चाळीतल्या जिन्याचं असेल, आजीच्या औषधांच्या डबीचं असेल. ते ऐकून आपल्याला वाटेल, यात सांगण्यासारखं काय आहे? नेमकं तेच त्याला लिहू द्या. ते वाचायला जगात कुठेतरी एक मूल नक्की आहे. त्याच्यापर्यंतचा रस्ता शोधणं आपलं काम, आणि मोठ्या माणसानं मनावर घेतलं तर तो रस्ता सापडतोच.